एका ओट्यावरची सुरी

आमच्या भाड्याच्या घरात सुरी आणायची ठरली, तेव्हा मला वाटलं होतं की संध्याकाळी भाजीबरोबर येईल. मंडईच्या तोंडाशी प्लास्टिकच्या मुठीच्या छोट्या सुऱ्या मिळतात. पातं स्टीलचं, गंजत नाही. धार गेली तर कपाच्या बुडाला चार वेळा घासायची. हरवली तर कुणी रडत बसत नाही. तिघींच्या घराला याहून जास्त काय लागतं? पण तिघींपैकी एक बँकेत अधिकारी होत्या, आणि त्यांना प्रत्येक गोष्टीचा अभ्यास करायची सवय होती.

आम्ही राजारामपुरीत वरच्या मजल्यावर राहायचो. या बाई मोठ्या शहरातून बदली होऊन आलेल्या, आमच्यापेक्षा वयानं बऱ्याच मोठ्या. आम्ही त्यांना ताई म्हणायचो. मी नेसरीकडची, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. तिसरी इचलकरंजीची. तिचे वडील यंत्रमागावर कामाला जातात आणि ती एका दवाखान्याच्या औषध दुकानात फार्मासिस्ट आहे. आपापल्या घरात पहिल्या पदवीधर आम्ही दोघीही. फरक एवढाच, की मला कोल्हापुरात खोली लगेच मिळाली. तिला फोनवर खोली मिळायची आणि नाव सांगितलं की ती खोली नेमकी कालच गेलेली असायची. मुसलमान मुलीला द्यायला अख्ख्या गल्लीत रिकामी खोली नसे. आमच्या घरमालकाला भाड्याशी मतलब, म्हणून ती इथं टिकली होती. तिला रात्रपाळ्या असायच्या. हे घर सुटलं असतं तर इचलकरंजीहून ये-जा जमली नसती आणि नोकरीच गेली असती.

मंडईतल्या सुरीचं मी सुचवलं तेव्हा ताई हसल्या. त्या आमच्या बोलण्यालाही हसायच्या. आमच्याकडं बायकासुद्धा ‘जातो’, ‘येतो’ म्हणतात, त्याची त्यांना फार गंमत. आठवडाभर त्यांनी मोबाइलवर सुऱ्यांचे व्हिडिओ पाहिले. मुलीसाठी स्थळ बघतानाही लोक इतकी चौकशी करत नाहीत.

पहिली सुरी आली ती सिरॅमिकची, पांढरीशुभ्र. गंजत नाही आणि वास धरत नाही, असं त्या सांगायच्या. वास धरत नाही यावर त्यांचा भर जरा जास्तच होता. लवकरच त्यांनी स्वतःच्या हातानं ती सुक्या खोबऱ्याच्या वाटीवर चालवली आणि पात्याचा टवका उडून खोबऱ्यात पडला. कोल्हापुरात राहायचं, आणि सुरी अशी आणायची की जिला खोबरं सोसत नाही.

दुसरी परदेशी पोलादाची, लाकडी मुठीची. ती धुतल्या धुतल्या पुसायची. कोरडी करून तेलाचं बोट लावायचं. लिंबू कापायचं नाही. बेसिनमध्ये टाकायची नाही. आमच्या गावात बाळंतिणीचीही इतकी बडदास्त ठेवत नाहीत. सकाळी डबा भरून पळणाऱ्या तिघींच्या घरात तेल लावायचं कुणी? थोड्याच दिवसांत पात्यावर तांबूस डाग आले. लिंबू ताईंनीच कापलं होतं, सरबताला. त्याची उरलेली फोड फ्रिजमध्ये अजून होती. तरी त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या की काही जणींना चांगली वस्तू वापरायची सवयच नसते. बघत होत्या माझ्याकडं, पण बोलणं माझ्याबद्दल नव्हतं.

इथं मला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. सुरी किंवा विळी कुणाच्या हातात द्यायची नाही. खाली ठेवायची आणि दुसऱ्यानं उचलायची. हातात दिली की दोघांत भांडण होतं, असं माझी आई सांगते. इचलकरंजीवालीला सुरी हवी असली की ताई ती नेहमी ओट्यावर ठेवायच्या. मला त्याचं मोठं कौतुक. एवढ्या शिकलेल्या, शहरातल्या, तरी रीत पाळतात, असं मी आईला फोन करून सांगितलंसुद्धा.

मग एका रविवारी मी कोथिंबीर निवडत होते आणि ताईंनी सुरी माझ्या हातात दिली. सरळ, मुठीकडून. मी ती घेऊन देठं कापली. थोड्या वेळानं इचलकरंजीवाली स्वयंपाकघरात आली. ताईंनी तिच्यासाठी मीठ ओट्यावर ठेवलं. मीठही हातात देत नाहीत, ती रीतच आहे. पण नंतर ताटली ठेवली, पाण्याचा तांब्या ठेवला, चहाचा कपसुद्धा ठेवला. चहाच्या कपाला कुठली आली रीत?

ताई बाहेर गेल्यावर मी तिला विचारलं. ती कांदा चिरतच म्हणाली, “आत्ता दिसलं व्हय तुला? मी पयल्या दिवसापासनं बघतो हाय.”

डागाळलेल्या सुरीनंतर ताईंनी नवा ठराव मांडला. आता दोन सुऱ्या घ्यायच्या, हिरव्या मुठीची शाकाहारी आणि लाल मुठीची मांसाहारी. मोठमोठ्या हॉटेलांत असंच असतं म्हणे, स्वच्छतेसाठी. मी म्हटलं, मटण खाटीक तोडून देतो, आपल्या सुरीचा आणि मटणाचा संबंध कांद्यापुरता. शिवाय मटण तिघीही खातो. ताई तर बँकेतल्या लोकांबरोबर थाळी खायला जायच्या आणि पांढऱ्या रश्श्याचे फोटो आम्हाला दाखवायच्या.

“मग हिरवी कुणाची, ताई?”

“अगं, हिरवी आपली दोघींची.”

ती दारातच उभी होती, कामावरून आलेली, हातात रिकामा डबा. तिनं बेसिनवर डबा धुतला, पालथा घातला आणि खोलीत गेली. मी मागोमाग गेले तर ती मैत्रिणीला फोन करून वसतिगृहाचं विचारत होती. फोन ठेवून म्हणाली, “जातो मी. चाकूवरनं भांडत बसू का आता?”

मला पदवीचं फार अप्रूप आहे. आमच्या शाळेतल्या बाईंनी स्वतःची पुस्तकं देऊन मला शिकवलं. शिक्षणानं माणूस वर येतो, असं त्या म्हणायच्या, आणि मी अजून तसंच मानते. म्हणून मला ताईंचा राग आला त्याहून किळस जास्त आली. गावात कुणी शिवाशीव पाळत असेल तर तो ते तोंडावर सांगतो आणि शिव्या खातो. यांनी त्याला दोन रंग दिले, वर स्वच्छतेचं नाव दिलं, आणि आमच्याकडून कौतुकाची अपेक्षा केली. एवढं शिकून शेवटी शिकल्या काय, तर जुनाच घाणेरडेपणा नव्या शब्दांत सांगायला.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून मी थेट मंडईत गेले. सुऱ्या विकणारी बाई म्हणाली, “कुठली देऊ, पावणं? लाल, हिरवी, पिवळी, समदी एकच हाय.” मी पिवळी घेतली.

घरी आले तेव्हा ताई ओट्याशी चहा करत होत्या आणि ती दूध आणायला पिशवी शोधत होती. मी सुरी कागदातून काढली आणि तिच्यापुढं धरली. तिला आमची रीत माहीत होती. तिच्या आजीचीही तीच रीत.

“हातात देतीस? भांडण होतंय.”

“होऊ दे की. पर जायाचं न्हाय.”

तिनं सुरी हातात घेतली. ताई म्हणाल्या की एका सुरीवरून एवढा तमाशा कशाला. माझा आवाज चढला नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

“ताई, तुमच्या सुऱ्या तुमच्या खोलीत ठेवा. ओट्यावर ही एकच राहील, तिघींची. चालत नसेल तर तुम्ही दुसरी खोली बघा. तुम्हाला मिळंल, नाव सांगितलं की लगेच.”

त्यांनी गॅस बंद केला, आपला कप उचलला आणि आत गेल्या. पुढं त्यांना खोली मिळालीच, अगदी सहज. जाताना पोलादी सुरी तेलाच्या फडक्यात गुंडाळून नेली. हिरवी आणि लाल मागवायची राहूनच गेली.

आईचं म्हणणं मात्र खरं ठरलं. सुरी हातात दिली त्याचं भांडण लागायचं ते लागलंच. ओली सुरी बेसिनमध्ये कोण टाकून जातं, यावरून आमची रोज सकाळी जुंपते. ती म्हणते मी, मी म्हणते ती. आमच्याकडं आता नवी तिसरी आली आहे, तीही यात पडते. सुरी तिकडं पाण्यात पडून असते. अजून गंजलेली नाही.