दोन जोशी, एक खातं

मंडळी, आज अगदी किळस आलीये.

आमच्या हायटेक सिटीतल्या ऑफिसात मराठी दोघंच, मी आणि तो, आणि दोघंही जोशी. पेरोलवाल्यांनी आम्हाला परस्पर नवरा-बायको ठरवलं आणि तीन महिने त्याचा शिफ्टचा भत्ता माझ्याच खात्यात टाकला! पहिल्याच महिन्यात मी मेल करून कळवलं होतं. कुणी ढुंकून पाहिलं नाही.

आज मात्र न विचारता माझ्या पगारातून सगळे पैसे एकदम कापले. फोन केला तर एचआरची बाई म्हणते, "गलती हमारीच है मॅडम, लेकिन पैसे तो आपकोच मिले ना?"

"ठीक आहे. मग जोशीला आज देणार ना?"

"नहीं मॅडम, उसके वास्ते अप्रूव्हल होना."

सांगा, माझा पगार कापताना कुणाचं अप्रूव्हल घेतलं होतं?