सर्व्हरवर ठेवलेली कालची बातमी

त्या सकाळी नऊ ते पावणेदहा मी माईकवर तीनदा सांगितलं, दहा वाजता गोसीखुर्द धरणाचे गेट उघडणार आहेत, नदीत कोणी उतरू नका. ते एकाही माणसाच्या कानावर गेलं नाही. मोबाईलवर मात्र ऐकणारे नऊच्या नऊ दिसत होते, म्हणून मी निवांत होतो. आज तो शब्द आठवला की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

धरणाखालच्या आमच्या गावासाठी मी घरातून इंटरनेट रेडिओ चालवायचो. धानाचे भाव, हवामान आणि पाणी सुटणार की नाही. माझा आवाज कॉम्प्युटरवरून कुठल्याशा लांबच्या सर्व्हरवर जायचा आणि तो सर्व्हर प्रत्येकाच्या मोबाईलला वेगळी प्रत पाठवायचा. मोबाईल थोडा आवाज आधी साठवतो, मग वाजवतो. त्यामुळे मी बोललेलं आईला स्वयंपाकघरात अर्ध्या मिनिटाने ऐकू यायचं. ती हसायची, "तू त नेहमी मांगंच रायते."

आमची इंटरनेटची लाईन सारखी जायची, मोबाईलचं नेट मात्र चालू असायचं. रेडिओ गप्प झाला की लोक बंद करून टाकायचे. त्यावर सर्व्हरमध्ये सोय असते. एक फाईल ठेवून द्यायची, आपला आवाज तुटला की सर्व्हर आपसूक तीच पुन्हा पुन्हा वाजवतो. मी भजन ठेवलं होतं. माझा काका, बाबांचा धाकटा भाऊ, रोज डोंगा घेऊन नदीत जाळं टाकायचा. तो म्हणाला, "भजन कायले? एकटा रायतो मी तिथं. तुझाच आवाज ठेव, सोबत वाटते." मला केवढं बरं वाटलं. रोजची बातमी रेकॉर्ड व्हायचीच, तीच दुसऱ्या दिवसासाठी ठेवू लागलो. एवढा शहाणा मी.

त्या दिवशी मी बोलायला बसायच्या आधीच लाईन गेली होती. माईकची हिरवी पट्टी माझ्या आवाजाबरोबर वरखाली होत होती, पण ती फक्त माझ्या कॉम्प्युटरपुरती. लाईन तुटल्याचा कोपऱ्यातला लाल ठिपका मी बघितलाच नाही. चहाला उठलो तर आई मोबाईल पुढे करून म्हणाली, "आज कालचंच काहून लावलं रे बाबू?"

त्यातून मीच बोलत होतो. आज पाणी सुटणार नाही, खुशाल उतरा.

काकाला फोन लावला. वाजत राहिला. त्याचा मोबाईल प्लास्टिकच्या पन्नीत बांधून डोंग्यात टांगलेला असायचा आणि हात ओले म्हणून तो नदीत फोन उचलायचा नाही, हे मला ठाऊक होतं. तरी लावत राहिलो. प्रत्येक वेळी मी फोन ठेवला की तिथे परत माझाच आवाज सुरू होत असणार. खुशाल उतरा. मग गाडी काढली आणि नदीकडे सुटलो.

काठावर पोचलो तेव्हा पाणी आलेलं होतं. बाकीच्यांनी ते लांबून बघून बाहेर पळ काढला होता. काका पलीकडच्या धारेत होता, असं ते म्हणाले. मी मोबाईल बघितला. ऐकणारे आठ.

काका तिसऱ्या दिवशी सापडला. रेडिओ मी त्याच आठवड्यात बंद केला. काकू अजून मला विचारते, "त्याईनं तुझा आवाज आयकला होता ना रे?"

मी हो म्हणतो. खोटं नाही ते.