प्रार्थनेत फुटलेला शब्द

आमचे हे उरणला कंटेनर यार्डात क्रेन चालवायचे. बोलायला इतके हौशी की रविवारी चर्चमध्ये उपासना संपली की मंडळीतले लोक ह्यांना चुकवून मागच्या दाराने सटकायचे. एका सकाळी कोपरखैरण्याच्या आमच्या घरात चहा पिता पिता ह्यांच्या हातातून कप निसटला. मी ओरडले, "अहो, नवीन सेट आहे!" हे नुसतेच बघत राहिले. तोंड एका बाजूला ओघळलं होतं. मेंदूत रक्ताची गुठळी. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली.

मग सांत्वनाला माणसं येऊ लागली. मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, "देव आपल्या लाडक्यांनाच भट्टीत घालतो."

"मग आमचे लाड जरा कमी करायला सांगा त्याला," मी म्हटलं. बाईंनी चहा अर्धाच ठेवला.

खालच्या मजल्यावरची आगरी शेजारीण बरी. तिने रावस आणून दिला आणि म्हणाली, "मी पन आमचे देवीला सांगितलंय. तुमचा देव कामात असल तर."

देवाशी माझं रोज भांडण व्हायचं. गुडघे टेकवत नाहीत, म्हणून ओट्याशी उभ्यानेच. "मेलेल्या लाजराला चार दिवसांनी उठवलंस. इथे जिवंत माणसाची जीभ हलवायचीय, एवढं काय अवघड आहे?" उत्तर यायचं नाही. पण भांडून झालं की ह्यांना अंघोळ घालण्याइतकं बळ कुठून तरी यायचं. ते कुठून, हे विचारायला मला तेव्हा वेळ नव्हता.

एका संध्याकाळी पाळकसाहेब प्रार्थनेला आले. भला माणूस, पण प्रार्थना सुरू केली की ब्रेक लागत नाही. अब्राहामापासून निघाले, मिसर देशातून बाहेर पडले, सरकारसाठी आणि सोसायटीच्या पाण्यासाठीही मागणं केलं. मी एक डोळा उघडून ह्यांच्याकडे बघितलं. चेहरा लालबुंद, ओठ थरथरताहेत. मी उठणार इतक्यात हे खणखणीत आवाजात म्हणाले, "आयला!"

पाळकसाहेबांचे डोळे मिटलेलेच होते. ते एवढंच म्हणाले, "आमेन."

मला हसू आवरेना, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. सासूबाई कोपऱ्यातून छताकडे बघत म्हणाल्या, "प्रभू, शब्द जरा बघून द्यायचास."

वाचा शिकवणारी मुलगी म्हणाली, "असं होतं काकू, शिव्या पुष्कळदा आधी परत येतात." पुढे किती तरी दिवस ह्यांच्याकडे तेवढा एकच शब्द होता. डॉक्टर विचारायचे, "कसं वाटतंय?" "आयला." ह्यांच्या ताई भेटायला आल्या, "आयला." सूर मात्र दर वेळी वेगळा, मला सगळं समजायचं.

मंडळीत मला, देवाने काय केलं त्याची साक्ष द्यायला उभं केलं. सगळ्यांना चमत्कार ऐकायचा होता. मी म्हटलं, "चमत्कार एकाच शब्दाचा झालाय आणि तो इथे सांगता येत नाही. देवावर माझा राग आहे, अजून गेलेला नाही. पण भांडायला मी दुसऱ्या कुणाकडे गेले नाही, आणि त्यानेही मला हाकललं नाही. माझ्याकडे विश्वास म्हणून एवढंच आहे." मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. पाळकसाहेबांनी घाईने गीत सुरू केलं.

आता हे थोडे थोडे शब्द जोडतात. क्रेन सुटली ती सुटलीच. हातही तसाच आहे. मी डबे करते, हे डाव्या हाताने भाजी निवडतात आणि "मीठ!" म्हणून दटावतात. जेवणाआधीची प्रार्थना पूर्वी ह्यांची असायची. ती संपेपर्यंत आमटीवर साय धरायची. परवा मी सुरू करणार तोच ह्यांनी मला हाताने थांबवलं, स्वतः डोळे मिटले, बराच वेळ शब्द शोधले आणि म्हणाले, "देवा. भात. ही. थँक्यू."

मी आमेन म्हटलं आणि गरम गरम वाढलं.