नवरी दाखवावी तशी माती

आधी हातातला चहा संपवा, मगच सांगतो. नाहीतर सांडाल आणि बोल मला लावाल. असला गाढवपणा मी आयुष्यात दुसरा केला नाही!

वाटणीत मला ओढ्याकडची पट्टी आली. नदीवर मोटारी बसल्यापासून आम्ही उसाला पाणी पाजून पाजून ती नासवली होती. मीठ फुटून रान पांढरंफट्ट! थोरला भाऊ म्हणाला, "तुला काय कमी रं? आमटीला मीठ घरचंच!"

झालं! मी चावडीसमोर सगळ्यांदेखत ओरडलो, "ह्याच रानात ऊस उभा करीन. तवर डोक्याला फेटा बांधणार न्हाय!"

कोल्हापुरात माती तपासून देतात असं कळलं. आता तुम्हीच सांगा, मुलगी दाखवताना आपण तिला जुनेर नेसवून बसवतो का? मी परड्यातली, उकिरड्याशेजारची काळीभोर माती घेतली, खडे वेचले आणि पिठाच्या चाळणीनं चाळली.

"अवं, माझी चाळण!" बायको किंचाळली. "आणि रानातली माती कुठाय?"

"गप की! साहेबापुढं ते पांढरं तोंड दावू व्हय? रानाची अब्रू हाय का न्हाय?"

निकाल आला. माती उत्तम, कुठलंही पीक घ्या! तो कागद मी भावाच्या नाकापुढं नाचवला आणि ऊस लावला. कोंब आले, पिवळे पडले, वाळून गेले.

मी तडक कोल्हापूर गाठलं आणि माती तपासणाऱ्या साहेबाच्या टेबलावर हात आपटला. "तुमचं यंत्र खोटं बोलतंय!"

साहेब भला माणूस. माझ्याबरोबर एसटीनं रानात आला. चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकला. "अहो, ही माती तुम्ही मला दिलीत कधी?"

मी तोंड उघडायच्या आत बायको बोलली, "तुमच्याकडं आली ती उकिरड्याची, साहेब. माझ्या चाळणीतनं गेलती!"

साहेब कपाळाला हात लावून बांधावरच बसला.

पण मी हटणाऱ्यातला नव्हे! दुसऱ्या खेपेची माती बायकोनं स्वतः काढली, माझ्यावर भरवसा कुठला? मग साहेब सांगेल तसं केलं. पाणी निघून जायला ओढ्यापर्यंत खोल चर मारला, खारटपणा मारायला जिप्सम टाकलं, खतासाठी धैंचा पेरून हिरवाच गाडला. हाताला फोड आले. भाऊ जाता-येता विचारायचा, "विहीर पाडतोस काय रं?" मी कुदळ मारत राहिलो.

आणि एका साली तिथं डोक्याइतका उंच ऊस उभा राहिला. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं.

साहेबाचा निरोप आला, पेठ वडगावात शेतकऱ्यांची सभा आहे, स्टेजवर बसायला या. सत्कारच की हो! कडक फेटा बांधला. भावाला मुद्दाम पुढं बसवलं.

साहेबानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कर्ण्यातून सांगितलं, "मंडळी, तपासणीला माती कशी आणू नये, हे आता आमचे पाहुणे सांगतील!"

पहिली टाळी भावाची. आणि बायकांच्या घोळक्यातून माझ्या बायकोनं, पुरावा म्हणून, पिठाची चाळण वर धरली!