कोऱ्या यंत्रांची मावशी

डोंगरात जाणाऱ्यांना सामान भाड्याने देणाऱ्या त्या दुकानात मावशींचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. तंबूचा एक खिळा कमी आला, तरी गिऱ्हाइकाची धडगत नसे. झोपायच्या पिशव्या उलट्या करून वाळवायच्या, पाठपिशव्यांचे कप्पे झटकायचे, आणि जीपीएसची सहा यंत्रं तर पोटच्या पोरांसारखी जपायची. यंत्र परत आलं की दहा मिनिटांत त्यातल्या सगळ्या वाटा नि खुणा पुसायच्या, बॅटऱ्या बदलायच्या आणि आकड्याला अडकवायचं. एकदा एक गिऱ्हाईक आधीच्या कुणाच्या तरी 'पाणी' अशा खुणेमागे दोन तास चाललं होतं आणि पुढे ठणठणीत कोरडा खड्डा निघाला होता. तेव्हापासूनचा हा नियम. त्याचा मावशींना भारी अभिमान होता.

"अगं, आता आंघोळ घालायचीच बाकी ठेवलीस त्यांना," नवरा चिडवायचा. गुडघे गेल्यापासून तो मागच्या खोलीत पिशव्यांचे पट्टे शिवत बसे.

त्या रविवारी दुपारी एक उंच तरुण चिखलाने माखून आला. गेले होते दोघं मित्र, परतला हा एकटा.

"धुक्यात चुकामूक झाली, मावशी. तो माझ्याआधीच उतरला असेल, त्याला घाई होती," असं म्हणून त्याने यंत्र ठेवलं, पावती घेतली आणि गेला. मावशींनी चहाचं आधण ठेवलं आणि ते उकळेपर्यंत यंत्र पुसून टाकलं.

चार तासांनी त्याचाच फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"मावशी, तो घरी पोचलाच नाही. यंत्र काढून ठेवा. आम्ही जिथे वेगळे झालो तिथे मी खूण केली होती. मला जागा आठवत नाही हो, सगळं पांढरंफटक होतं. शोधपथक तुमच्याकडेच निघालंय."

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. आकड्यावरचं यंत्र त्यांनी तीनदा उघडून पाहिलं. त्यात काहीच नव्हतं.

"बिघडलं होतं म्हण," नवरा हळूच म्हणाला. "कोण बघायला आलंय?"

पथकाचा प्रमुख आला, त्याने हात पुढे केला. मावशींनी यंत्र त्याच्या हातावर ठेवलं. "मी पुसलं," त्या म्हणाल्या. तो ओरडला नाही. नुसतं "बरं" म्हणाला आणि काउंटरवर कागदी नकाशा पसरला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुसलेली खूण परत मिळवायला संगणक दुरुस्त करणाऱ्याने दोन तास खटपट केली, हाती काही लागलं नाही. नकाशावर तीन घळी होत्या. पथकाने डावीकडून सुरुवात केली. माणूस सहाव्या दिवशी सापडला, तिसऱ्या घळीत, पाय मोडलेला. डॉक्टर म्हणाले, चार दिवस तरी जिवंत राहिला असावा.

खरं सांगायचं तर दोष एकट्या मावशींचा नव्हता. मित्राने थांबायला हवं होतं, निदान त्याच्या घरी एक फोन करायला हवा होता. पण हे मावशींना सांगून उपयोग नव्हता. नवऱ्याने सांगून पाहिलं, तर त्यांनी दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं.

पंधरवड्याने त्या माणसाची बायको दुकानात आली. भाड्याची झोपायची पिशवी तिने धुऊन, घडी करून आणली होती. मावशींनी या वेळी ती उलटी करून पाहिली नाही.

"एकच विचारायचंय," ती म्हणाली. "ती खूण असती, तर हे वाचले असते का?"

आतलं शिवणयंत्र थांबलं. काय बोलायला हवं, ते मावशींना चांगलं कळत होतं. एका शब्दात दोघींची सुटका झाली असती.

"हो," मावशी म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशीच सापडले असते."

ती काउंटरला टेकली.

"सगळे मला 'नाही' म्हणाले," ती म्हणाली. "मीही इथे 'नाही'च ऐकायला आले होते."