समासातली अक्षरं

नाताळचा आठवडा म्हणजे सोमशेखरांचा स्वतःचा सण. कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त होऊन ते सोलापुरात आले, तेव्हापासून दर वर्षी त्या आठवड्यात पेठेतल्या वाचनालयातली फाटकी पुस्तकं घरी आणायचे. गच्चीवर कोवळ्या उन्हात बसून खळ लावायची, पानं शिवायची आणि शिवता शिवता वाचायचं. बायको, दानेश्वरी, शेजारी विणकाम घेऊन बसे. ताटलीत हुरडा असे, शेजाऱ्यांनी दिलेला केक असे.

लोकांच्या घाणीची मात्र त्यांना शिसारी यायची. थुंकी लावून काळे पडलेले कोपरे, तंबाखूच्या माव्याचे डाग, चिरडलेले डास. एकदा तर कापलेली नखं निघाली होती.

"जेवायच्या ताटात कुणी नखं कापतं का?" असं चिडून म्हणत ते पान पुसायचे.

यंदा एका जाड कादंबरीची शिवण उसवताना त्यांचा हात थांबला. समासात निळ्या शाईनं ग्रंथपाल विजयमालाबाईंबद्दल लिहिलं होतं. बाई नवऱ्याला सोडून एकट्या राहतात, एवढ्यावरून जितकं घाणेरडं लिहिता येईल तितकं. पुढच्या पानांवरही तेच. त्यातून अक्षर ओळखीचं निघालं. कारखान्यात वीस वर्षं शेजारच्या टेबलाशी बसलेल्या, आता याच पेठेत राहणाऱ्या मल्लप्पाचं.

संध्याकाळी मल्लप्पा नेहमीसारखा चहाला आला. सोमशेखरांनी पुस्तक त्याच्यापुढं उघडून धरलं.

"हे तू लिहिलंस?"

मल्लप्पा हसला. "अरे, गंमत की! असली पुस्तकं वाचतंय कोण?"

"मी वाचतोय की."

"लई मनावर घेतोस बघ. वाचनालयाच्या पायरीवर मी हेच बोलायचो, तवा तू बी हसायचास की."

ते खोटं नव्हतं. सोमशेखरांनी पुस्तक मिटलं. "ऊठ," ते म्हणाले. "माझ्या घरात चहा पिऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी ते पुस्तक घेऊन विजयमालाबाईंकडे गेले. "पानं खराब झालीत. नवी प्रत मी आणून देतो," एवढंच बोलून ते निघणार होते. पण बाईंनी पुस्तक उघडलं.

"शाईनं लिहिलंय होय? पेन्सिलीनं असलं की मी खोडते. दोन वर्षं खोडतेच आहे."

"तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"कुणाला बोलू? खिडकीतून पायरीवरचं सगळं ऐकू येतं, काका. तुमचं हसणंसुद्धा."

सोमशेखरांना त्यांच्याकडे बघवेना. नखांची, थुंकीची आली नव्हती एवढी किळस आता त्यांना स्वतःची आली.

"हसलो मी," ते म्हणाले. "चुकलंच माझं. कमिटीपुढं तक्रार द्या. अक्षर कुणाचं ते मी सांगतो."

बाईंनी कपाट उघडून, शाईनं तसंच लिहिलेली, खोडता न आलेली आणखी चार पुस्तकं टेबलावर ठेवली.

तीस तारखेला कमिटी बसली. अध्यक्षांनी "म्हातारा माणूस आहे, सोडून द्या की" म्हणून पाहिलं. सोमशेखर उभे राहिले आणि त्यांनी समासातला मजकूर मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीला अध्यक्ष ओरडले, "बास, बास!"

मल्लप्पाचं सभासदत्व त्याच बैठकीत रद्द झालं. पायरीवरच्या मंडळींनी मात्र सोमशेखरांशी बोलणं टाकलं. त्याचं त्यांना फारसं वाईट वाटलं नाही. पण पुस्तक हातात घेतलं की पायरीवरचं स्वतःचं हसणं आठवे; त्या नाताळात त्यांच्या हातून एकही पुस्तक बांधून झालं नाही.