तिसऱ्या जागेवरची बाटली

सकाळपासून आभाळ कोंदलं होतं. ना पाऊस, ना ऊन. खिडक्या सताड उघडल्या तरी प्रयोगशाळेतला अमोनियाचा वास जागचा हलेना. बेसिनपाशी मावशी टेस्टट्यूब घासत होती, पण ब्रश एकीकडे नि जीव दुसरीकडे. अठरा वर्षं हेच काम: धुणं, पुसणं, बाटल्या भरणं. शनिवारी प्रयोगशाळा सहायकाच्या जागेची परीक्षा होती. बिनलेबलाचे दहा क्षार ओळखायचे, सात आले की पास. दोनदा आपटली होती. पुढच्या वर्षी वयाची मर्यादा उलटणार, म्हणजे ही शेवटचीच खेप.

अभ्यासात कसूर नव्हती. तीन रंगांच्या पेनांनी वही अशी सजवली होती की अकरावीतली लेक म्हणायची, "आई, ही वही आहे की गोधडी?"

त्यात रंगारी आले. फडताळं रिकामी झाली, बाटल्या खोक्यांतून पलीकडच्या खोलीत गेल्या नि तिथं कशाही मांडल्या गेल्या.

"मावशी, झिंक सल्फेट द्या," सर म्हणाले.

हात सवयीनं डावीकडून तिसऱ्या बाटलीवर गेला.

"अहो, हे अ‍ॅल्युमिनियमचं! लेबल तरी वाचा."

मावशीनं बाटली फिरवून लेबल वाचलं. इतक्या वर्षांत लेबल बघायची वेळच आली नव्हती. झिंक म्हणजे तिसरी जागा, एवढंच तिला ठाऊक होतं.

घरी येऊन तिनं लेकीला सांगितलं. लेकीनं आधी वही ओढून मिटली.

"सांग बघू. अमोनिया घातल्यावर नळीत पांढरा साका खाली बसला. झिंक की अ‍ॅल्युमिनियम?"

"अगं, पान डोळ्यांसमोर दिसतंय. खाली हिरव्या पेनानं लिहिलंय..."

"काय लिहिलंय?"

मावशी चिडलीच. "मोठी आलीय मास्तरीण!"

"रंग पाठ झालाय तुझा, आई. वाचून वाचून ओळखीचं वाटतं, येत काहीच नाही."

लेकीनं क्षारांच्या चिठ्ठ्या केल्या, डब्यात टाकून खळखळ हलवल्या. निघेल ती चिठ्ठी, वही न उघडता सांगायची. चुकली की पुन्हा डब्यात, बरोबर आली की एक दिवस बाहेर. कणीक मळताना चिठ्ठी, बसच्या रांगेत चिठ्ठी. बेसिनपाशी तर दर ट्यूबमागे एक प्रश्न. मधेच आठवेना की हात थांबे, पाणी वाहत राही, नि वहीकडे धाव घ्यावीशी वाटे. पण आधी सांगायचं, मगच बघायचं, असा लेकीचा दम होता.

शनिवारी चौथ्या नळीत पांढरा साका आला. मावशीच्या डोळ्यांसमोर ना पान, ना फडताळ. मनात म्हणाली, "जादा अमोनिया घाल. विरघळला तर झिंक, नाही तर अ‍ॅल्युमिनियम." थेंब थेंब घातला. साका विरघळला.

दहापैकी आठ आले.

सोमवारी सर दारात थांबले. "मावशी, पास झालात की! आता काय पुटपुटताय?"

"दोन चुकले ना, सर. ते डोक्यातून जाईनात."

"अहो, आता तरी जरा बसा."

"नवीन जागेचा कागद येऊ दे, मग बसते. तोवर ह्या ट्यूबा कोण घासणार, तुम्ही?"

सर हसून गेले. मावशीनं पदर खोचला, चुकलेली पहिली चिठ्ठी मनात काढली नि ब्रश नळीत घातला.